उरलं तर ताई

३ फेब्रुवारी

सात महिने एक अक्षर लिहिलं नाही. वहीची माफी मागायची तर कारण द्यावं लागेल, आणि ‘वेळ नव्हता’ म्हटलं तर ते खोटं. वेळ होता. लिहायला बसलो की ताईबद्दलच लिहिलं जाईल, ही धास्ती होती. आज तिच्याबद्दलच लिहायचं आहे, तेव्हा बसलो.

सकाळी साइटवाल्यांचं पत्र आलं, म्हणजे लोक जिथे आपापल्या पोस्ट टाकतात त्या सोशल साइटचं. ईमेलच, पण भाषा नोटिशीची. १ मार्चपासून एपीआयचं, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या दाराचं, लिमिट बदलणार. आतापर्यंत माझा प्रोग्राम त्यांच्या सर्व्हरला हवं तितक्या वेळा विचारू शकायचा – अमक्याने नवीन काय लिहिलं? तमकीने काय टाकलं? आता दिवसाला अडीचशे रिक्वेस्ट. त्या संपल्या की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दार बंद.

माझे ऐकणारे एक्केचाळीस. सगळे दृष्टिहीन. ते फोन लावतात आणि प्रोग्राम त्यांना त्यांच्या आवडीच्या लोकांच्या पोस्ट वाचून दाखवतो. नोकरी सांभाळून, फुकट, सहा वर्षं चाललंय. सगळ्यांच्या आवडीची मिळून १८३ खाती. डबा खाताना कागदावर मांडून पाहिलं: प्रत्येक खात्याला रोज एकदा विचारायचं, म्हणजे १८३. उरल्या ६७. कुणाला दुपारी पुन्हा ताजं ऐकायचं असेल तर त्यातून. जेमतेम, पण बसतं.

मग आठवलं – आठवलं कसलं, माहीतच होतं – खाती १८३ नाहीत, १८४ आहेत. शेवटचं कुणी ऐकत नाही. ते मी बघतो.

५ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो.

ताई शिवणकाम करते. शिवून झालेला प्रत्येक कपडा दुकानातल्या पुतळ्यावर चढवते आणि फोटो टाकते, गिऱ्हाइकांना कळावं म्हणून. पुतळ्यामागे आरसा आहे. त्यात कधी तिचं कोपर दिसतं, कधी गळ्यातली टेप. एकदा अर्धा कान आणि पांढरे केस दिसले. मी शेवटचं पाहिलं तेव्हा ते काळे होते.

तीन वर्षांपूर्वी, बाबांच्या शेवटच्या दिवशी, डॉक्टरांनी विचारलं – श्वासाच्या मशीनवर ठेवायचं का? ताई वाटेत होती, चार तासांवर. मी नाही म्हणालो. बाबांनी मला आधीच तसं बजावलं होतं. तिला नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं आवरलेलं. ती ओरडली नाही. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून चपलेचा पट्टा नीट करत म्हणाली, “मी बोलावीन तेव्हा ये. तोवर येऊ नकोस. फोनही नको.” मी बरं म्हणालो. आठवड्याने तिने मला साइटवर ब्लॉक केलं.

ब्लॉक माझ्या खात्याला. प्रोग्रामला नाही, तो ऐकणाऱ्यांच्या नावावर चालतो. त्यांच्या आडून मी रोज सकाळी, माझ्यापुरत्या बनवलेल्या एका पानावर, एक फोटो बघतो. दार वाजवणार नाही असा शब्द दिला होता, खिडकीचं बोलणं झालं नव्हतं – असली वकिली स्वतःशी तीन वर्षं करतोय. बायकोला माहीत आहे. ती म्हणते, बघ बापडा, कुणाचं काय जातं. खरंच, इतके दिवस कुणाचं काही जात नव्हतं. आता रोज एक रिक्वेस्ट जाईल.

११ फेब्रुवारी

डेव्हलपरांच्या फोरमवर गदारोळ. एकाने दहा बनावट नावांनी दहा किल्ल्या घेतल्या. किल्ली म्हणजे प्रोग्रामचं ओळखपत्र, प्रत्येकीला वेगळं लिमिट. दुसऱ्याने आठ वर्षांचं काम बंद केलं, निरोपाच्या दोन ओळी लिहून. तिसरा म्हणतो, दुसऱ्याच्या विहिरीवर मळा लावला की असंच होणार. त्यावर पन्नास जणांनी माना डोलावल्या आणि आपापल्या बादल्या घेऊन परत त्याच विहिरीवर गेले. मीही गेलो.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर गुरुजी बसतात. गुरुजी म्हणजे आमचा टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायची इतकी हौस की नावच पडलं. ते म्हणाले, तूही घे चार किल्ल्या, आंधळ्यांसाठीच तर करतोयस. मी नको म्हणालो. “हरिश्चंद्राची औलाद,” म्हणाले आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचललं. त्यांना १८४वं खातं ठाऊक नाही.

२६ फेब्रुवारी

दोन गोष्टी केल्या.

पहिली – जे एकदा आणलं ते साठवून ठेवायचं. लिमिट संपलेलं असेल तर शेवटची साठवलेली प्रत गुपचूप द्यायची. ऐकणाऱ्याच्या कानावर ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असलं काही पडू नये. फोरमवरच्या शहाण्यांचा हाच सल्ला.

दुसरी – रांग. आधी ऐकणाऱ्यांची खाती. मग त्यांच्या दुपारच्या मागण्या. सगळं होऊन दिवसाच्या शेवटी काही उरलं तर ताई.

त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. तिला पहिलं ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. म्हणूनच शेवटी ठेवलं. नंतर हलकं वाटलं. इतक्या स्वस्तात हलकं वाटलं याची थोडी लाजही वाटली.

४ मार्च

नीट चाललंय. रोज पंधरा-वीस रिक्वेस्ट उरतात, त्यातली एक ताईला.

आज राखाडी कोट, मोठ्या बटणांचा. बटणं एका रेषेत आहेत का, हे फोटो मोठा करून पाहिलं. मला काय कळतं त्यातलं! लहानपणी सुईत दोरा ओवायचं काम माझं, बस. आई गेल्यावर माझे शर्ट तीच शिवायची, वाढत्या अंगाचे. बाह्या कायम बोटांपर्यंत. मोठा होशील की, म्हणायची. मला ते बरोबर बसायला लागत तोवर विटलेले असत. नवा आणि मापाचा शर्ट मी पहिल्यांदा घातला तो माझ्या पहिल्या पगाराचा, दुकानातला. तिने तो उलटा करून शिलाई पाहिली आणि घडी घालून परत दिला.

१० मार्च

हिरवा झगा. मोठे खिसे. आरशात डावा खांदा.

१५ मार्च

ऑपरेटरकाकांचा फोन. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, माझे सगळ्यात जुने ऐकणारे. रोज सकाळी एक विनोदांचं खातं ऐकतात.

“साहेब, तुमच्या विनोदवाल्याला काही झालंय का? चार दिवस तोच जोक. पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी तुमच्या मानाखातर हसलो.”

तपासलं. साइटवाल्यांनी ११ तारखेला लिमिट दीडशेवर आणलंय. पत्र नाही, काही नाही, नियमांच्या पानावर तळाशी एक आकडा बदललेला. आणि माझा प्रोग्राम, मी शिकवल्याप्रमाणे, शिळं ते ताजं म्हणून वाचत राहिला. चार दिवस!

काकांना खरं ते सांगितलं, माफी मागितली. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, “अहो, लाइन बिझी असली की आम्ही बिझी सांगायचो. माणूस शिव्या घालतो, पण पुन्हा लावतो. तुम्ही तर आम्हाला रिकाम्या घरात रेडिओ लावून दिलात.”

हे दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

१७ मार्च

दुरुस्ती झाली. आता खाती दिवसाआड ताजी होतील, अर्धी आज, अर्धी उद्या. आणि पोस्ट जुनी असेल तर प्रोग्राम वाचण्याआधी स्वच्छ आवाजात सांगेल – ही साठवलेली पोस्ट आहे, अमुक तारखेची. एक्केचाळीस जणांना एकेक करून फोन केला. दोघांनी सांगितलं की त्यांना आधीच कळलं होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत.

२४ मार्च

ताईचा अजून हिरवा झगाच.

चौदा दिवस झाले. ती कधी दोन दिवस गप्प असते, कधी तीन. चौदा कधीच नाही.

जेवताना हिला सांगितलं. ती म्हणाली, “मी करू का फोन वन्संना?”

नको म्हणालो.

“शब्द तू दिलायस. मी नाही.”

ताईला लगेच कळेल, कुणी करायला लावला ते. तेही म्हणालो. हिने पाणी ओतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, तुम्हा भावंडांत शब्द फार, बोलणं काहीच नाही.

२९ मार्च

हिरवा झगा.

२ एप्रिल

त्या झग्याच्या चुण्या पाठ झाल्या आहेत. डाव्या खिशाचं तोंड किंचित उघडं आहे, कुणी नुकताच हात काढून घेतल्यासारखं. तो हात बघायला मिळावा असं वाटतं. इतकंच. बोलली नाही तरी चालेल. कात्री चालवताना ती ओठ मुडपते, ते एकदा बघायचं आहे. मशीनचा आवाज भिंतीपलीकडून आला की मला झोप लागायची; अजून कुठल्या दुकानावरून जाताना तो कानावर आला तर पाय आपोआप हळू पडतात.

आजारी असेल? दुकान बंद केलं असेल? की तिला कळलं, मी बघतो ते? हे तिसरं सगळ्यात वाईट, कारण मग तिच्या गप्प होण्याला पुन्हा मीच कारण.

दुपारी ऑफिसच्या जिन्यात जाऊन तिचा नंबर फिरवायला घेतला. अजून पाठ आहे. सहा आकड्यांपर्यंत गेलो.

८ एप्रिल

आधी हे लिहितो: मी गाढव आहे.

आज सुट्टी. कुणाच्या दुपारच्या मागण्या अडतात का हे बघायला सकाळी प्रोग्रामचे लॉग उघडले. एकेक ओळ वाचत खाली आलो. शेवटची ओळ – खातं १८४, लिमिट संपलेलं, साठवलेली प्रत दिली. आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही. थेट ११ मार्चपर्यंत.

लिमिट दीडशे झाल्यापासून दिवसाच्या शेवटी एकही रिक्वेस्ट उरलेली नाही. खाती दिवसाआड केल्यावर दुपारच्या मागण्या वाढल्या, उरलेलं सगळं त्यांनी खाल्लं. ताईची पाळी आलीच नाही. ऐकणाऱ्यांसाठी मी ‘ही साठवलेली पोस्ट आहे’ असं बोलणारा आवाज घातला. माझ्या पानाला आवाज नाही, मी तर डोळ्यांनी बघतो! वर रोज आजची तारीख छापलेली, तीही मीच छापायला शिकवलेली. महिनाभर एकच फोटो बघत होतो आणि समजत होतो की ताई थांबली आहे.

आज ऐकणाऱ्यांच्या वाट्यातली एक रिक्वेस्ट काढून घेतली. चोरली म्हणायचं तर चोरली. ताईला पहिलं विचारलं.

बावीस नवे फोटो! चौकटीचे शर्ट, एक लांब कोट, तीन सारखे झगे – बहुधा बहिणींचे. शेवटचा ५ एप्रिलचा, पांढरा छोटा फ्रॉक, पुतळ्याला मोठा होतो म्हणून खुर्चीच्या पाठीवर घातलेला. आरशात टेप, कोपर, एकदा तर पूर्ण पाठ.

हिला हाक मारली. ओल्या हातांनी आली आणि माझ्या खांद्यावरून सगळे बघितले. म्हणाली, “वन्संचा हात काय बसलाय! आणि तू त्यांना मारून मोकळा झाला होतास.” दोघंही खूप हसलो. मी दोनदा वाढून घेतलं.

९ एप्रिल

माझं पान फक्त फोटो दाखवतं. आज ऑफिसला निघण्याआधी, काल ताईच्या खात्यावरून जे आणलं त्यातला बाकीचा मजकूरही वाचला. बिनफोटोची एकच पोस्ट, २८ मार्चची:

‘११ तारखेला गुडघ्याचं ऑपरेशन आहे. लेक परदेशी, तिला रजा मिळत नाही. पहिले दहा दिवस घरात सोबतीला कोणी हवं. स्वयंपाक यायलाच हवा असं नाही. उठवून बसवता आलं पाहिजे. कोणी असेल तर सांगा.’

खाली तीन उत्तरं. काळजी घ्या. काळजी घ्या. माझा चौकटीचा शर्ट झाला का?

तिसऱ्याला तिने उत्तर दिलंय – झालाय, घेऊन जा.

हे बोलावणं सगळ्यांना आहे. त्या सगळ्यांतून तिने एकाच माणसाला वगळलेलं, तो मी. पण उठवून बसवता मला येतं. बाबांना वर्षभर रोज तेच करत होतो – एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि घाई नाही.

रजा टाकली. हिने बॅग भरली.

उद्या – सहा दहाची गाडी.