मागच्या काचेवरचा चरा

कंग्राळी,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ओमकार,

तुझा मेसेज मिळाला. फोनवरही सांगता आलं असतं, पण नीट लिहावंसं वाटलं. घरी सगळे बरे आहेत. आईनं मामा-मामींची खुशाली विचारलीय. तू आपलं लग्न मोडलंस तेव्हापासून ती भावाच्या घरचं नाव काढत नव्हती. काल तिनं आपणहून काढलं.

फिल्म कॅमेऱ्यासाठी जुनी, स्वस्तातली कुठली लेन्स घेऊ, विचारलंस. पन्नास एमएमची घे. जुन्यात तीच स्वस्त मिळते आणि चांगली असते. घेताना आरपार टॉर्च मारून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नकोस. थोडी धूळ चालते. आतली पाती चटकन उघडमीट व्हायला हवीत, तेल उतरलं की ती अडकतात. पुढच्या काचेवरचा बारीक चरा फोटोत दिसत नाही. मागच्या काचेवरचा दिसतो.

पण तू तर लिहिलंयस, 'मागं चरा असला तरी चालेल.' असं कोणी मागतं का रे?

माझी लेन्स मी बेळगावच्या जुन्या बाजारातून आणली तेव्हा तू म्हणालास, "भंगार आणलीस की गं." तुझ्या नव्या लेन्सला तू मला हात लावू देत नव्हतास. मग त्याच भंगारातून मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचे फोटो काढले. वर्षभर, बसनं ये-जा करत. ते धारवाडला कुणाला तरी दाखवतो म्हणून तू घेऊन गेलास आणि स्वतःच्या नावावर बक्षीस घेतलंस. स्टेजवरून मला 'आमची असिस्टंट' म्हणालास. मी मामींच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या.

बेळगावच्या प्रदर्शनालाही तू तेच फोटो दिलेस, म्हणून मी निगेटिव्ह घेऊन संयोजक मारुतीरावांकडे गेले. ते म्हणाले, "त्या मीच तिच्याकडं ठेवायला दिल्यात, असं ओमकार सांगतात." तेही तू आधीच सांगून ठेवलं होतंस.

मग मी पिशवीतून लेन्स काढली. खिडकीसमोर काढलेल्या प्रत्येक फोटोत उजवीकडं एक फिकट तिरपी रेघ आहे. 'तंबाखूच्या धुळीतून आलेला प्रकाश' असं तू मुलाखतीत तिचं वर्णन केलंस. मी मारुतीरावांनाच त्यांच्या खिडकीसमोर बसवलं, फोटो काढला, रोल धुऊन दाखवला. रेघ तिथंच. त्यांनी माझ्यासमोर तुला फोन लावून फोटो कुठल्या लेन्सनं काढलेस ते विचारलं. "लेन्स घरी आहे, घेऊन येतो," म्हणालास. त्याच संध्याकाळी तुझा मेसेज आला.

शोध हवं तर. तसाच चरा तुला मिळायचा नाही.

मारुतीराव म्हणाले, "गुपचूप नाव बदलून टाकू." मी नको म्हटलं. तुझ्या नावावर काट मारून त्याखाली माझं लिहायला लावलंय. लोकांनी दोन्ही वाचावीत. मामा-मामींना आमंत्रण मी स्वतः देऊन आले.

उद्घाटन येत्या रविवारी आहे. ज्या फोटोखाली तू 'अनामिक कामगार' लिहिलंस, त्या नागुबाई फीत कापणार आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. हातातला तंबाखू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "वरीसभर माझ्याम्होरं बसून फोटू काढलं म्हणतोय न्हवं त्यो? मग माझं नाव कसं ठावं न्हाय गं त्येला?"

मी म्हटलं, रविवारी तुम्हीच विचारा.

ये. नक्की ये.

फोटो काढणारी,
माधवी