खंडेनवमीचं कुंकू

कोथरूड, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप वैजनाथदाजींस,
साईनाथचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागलीय. मालकांनी वर्कशॉपवर नवे पत्रे टाकलेत. ताईचे गुडघे कसे आहेत? फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही "बोल रे साई" म्हणता आणि माझी दातखीळ बसते.

परवा ताई म्हणाली, वाशिमला गेल्यापासून तुम्ही घरातला बल्बसुद्धा बदलत नाही, वायरमनला बोलावता. म्हणून हे पत्र.

दाजी, ती पांढरी गाडी आठवत असेलच. प्रोग्रामिंगचं मशीन जोडलं की दोन मिनिटांत कनेक्शन तुटायचं. तुम्ही लॅपटॉप बदललात, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलंत, बॅटरीला चार्जर लावलात. शेवटी स्टिअरिंगखाली वाकून प्लग हाताने दाबून धरलात, तेव्हा कुठे काम सुरू झालं. आणि अर्ध्यात पुन्हा तुटलं. प्रोग्रामिंग अर्धवट राहिल्याने गाडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा मेंदूच, गेला तो गेलाच. "हात हलला म्हाताऱ्याचा," मालक सगळ्यांसमोर म्हणाले. बावीस वर्षांची नोकरी तुम्ही त्या एका वाक्यावर सोडलीत.

हात हलला नव्हता हो! त्याआधी दोनच दिवस खंडेनवमी झाली होती. हत्यारांची पूजा मी केली. पान्यांना कुंकू लावलं, जॅकला लावलं, आणि भक्ती उतू चालली होती ना माझी, मशीनच्या प्लगलाही लावलं. ओलं कुंकू, थेट पिनांवर. तुम्ही राजीनामा दिलात त्या संध्याकाळी आवरताना दिसलं. स्प्रे मारला, ब्रशने घासलं, मशीन झक्क चालू! आणि मी मूग गिळून बसलो. तुम्हीच मला या कामाला लावलंत, आणि तुमचीच जागा मला मिळत होती.

आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं. "वा! मग आता आरती करू तुझी?" म्हणाले. तुम्हाला स्वतः फोन करणार आहेत. माझं काय करायचं ते उद्या ठरेल.

एवढ्याने पाप फिटत नाही. स्टेशनवर सोडायला आलो तेव्हा तुम्ही हात पुढे धरून विचारलंत, "साई, खरंच थरथरतो का रे?" मला सगळं ठाऊक होतं, दाजी. तरी मी म्हणालो, "वय झालं की व्हायचंच."

हे पत्र ताईला मोठ्याने वाचून दाखवा. तिला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका.

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
साईनाथ