नर्सिंगच्या पानावरून

बारामती,
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय सूरजदादा,

तू संक्रांतीला मस्कतहून येतोयस, हे आबांनी कळवलं. आईनं तेव्हाच साऱ्या आळीला सांगून टाकलं. आबांचा गुडघा आता बरा आहे. उजनीला यंदा पाणी भरपूर, पळसदेवचं जुनं देऊळ काही दिसत नाही.

मी इथल्या एका प्रशिक्षण संस्थेत आहे. संस्थेची इंटरनेटवरची पानं मीच करते. आमच्या इंदापूरच्या केंद्रात संगणकासमोर बसून मुलींनी एकेका अभ्यासक्रमाचं पान वाचायचं आणि तिथूनच अर्ज उघडायचा, अशी सोय होती. माहिती मराठीत, पण अर्जातली अभ्यासक्रमांची यादी इंग्रजीत, आणि कुठूनही आलं तरी ती ‘टेलरिंग’वरच उघडायची. हे तुला सांगतेय, कारण यात सारजावहिनी आहे.

तू गेल्यावर वर्षभर तिला तुझी पत्रं आली. मग ती आबांच्या नावानं यायला लागली आणि त्यात तिची साधी चौकशीही नसायची. एक दिवस इंदापूरला जाऊन तिनं नर्सिंगचं पान वाचलं आणि अर्ज पाठवला. बोलावणं आलं ते शिवणकामाचं.

ते घेऊन ती एसटीनं थेट बारामतीला आली. आमच्या संस्थेचे सर म्हणाले, “शिवण काय वाईट आहे? घरबसल्या होईल.” वहिनी म्हणाली, “सर, घरबसल्या लई झालं. मी वाचलं नर्सिंगचं आन् तुमच्याकडं आलं शिवणाचं. ह्यात माझी चूक न्हाय.” इतकं स्पष्ट बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तूही ऐकलं नसशील.

मी सरांना नर्सिंगच्या पानावरून अर्ज उघडून दाखवला. यादीत टेलरिंग. मग तो दोष काढला. प्रत्येक पानावरून अर्जाकडे नेणाऱ्या दुव्याच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन अभ्यासक्रमाचं नाव जोडलं. अर्ज उघडताना ते नाव वाचतो आणि यादीत तेच निवडून ठेवतो. कुणाला बदलायचं तर बदलता येतं. काम छोटंच होतं, आधी सुचलं नव्हतं इतकंच. सरांनी बाकीच्या मुलींकडे चौकशी केली, तर आणखी काहीजणी अशाच शिवणात गेलेल्या. वहिनीला नर्सिंगला जागा मिळाली.

आई बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हती. आबा मात्र रोज सकाळी तिला फाट्यावर सोडायचे. आता ती इंदापूरला एका दवाखान्यात बाळंतिणींकडे असते. परवा मी गेले, तेव्हा एका पोरीला उठवून बसवत होती. “भिऊ नगं, मी धरलंय न्हवं,” म्हणत होती.

गेल्या रविवारी ती दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायला गेली. आईच्या पाया पडली. आबा तिची ट्रंक घेऊन फाट्यापर्यंत गेले. तू येशील तेव्हा ती घरी नसेल, आणि परत यायचीही नाही. हे तूच दादाला कळव, असं म्हणून मी तिच्यापुढे कागद-पेन ठेवलं. तिनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, “तुमीच लिवा, वन्सं. वर ‘प्रिय’ लिवावं लागतं, आन् ते माझ्या हातनं व्हत न्हाय.”

तुझीच,
प्रतिक्षा