बाबांच्या डाव्या हातातलं घड्याळ

१४ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. वेळेवर जेवतोस ना? वरच्या मजल्यावरच्या काकू परवा विचारत होत्या, "तुमचा ठोंब्या तिकडे जाऊन वाळला का गं?" म्हटलं, फोटोत तरी गाल जागेवर आहेत.

आता तू बाबांसाठी पाठवलेल्या घड्याळाचं. दर रविवारी फोनवर तू विचारतोस, "ताई, चालू झालं का?" आणि मी विषय बदलते. बाबा शेजारीच बसलेले असतात रे. म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी मी त्यात सेल कुठे घालायचा ते शोधत बसले, हसू नकोस. जुनं घड्याळ तुझ्या गळ्यात मारलं म्हणून त्या दुकानदाराच्या नावाने बोटंही मोडली. मग तू सांगितलंस, त्यात सेल नसतोच. आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि घड्याळाला किल्ली आपोआप दिली जाते. मी ते खुळखुळ्यासारखं हलवलं. चालायला लागलं. बाबांच्या हातात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी बंद. बाजूची किल्ली फिरवली तर नुसते काटे सरकतात.

शेवटी घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावून पाहिलं. "ताई, घड्याळ ठणठणीत आहे. दिवसभर हातात घालून बघा." मग मीच घातलं. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री फिरवली, आणि घड्याळ अगदी शहाण्यासारखं चाललं. त्याला जाऊन सांगितलं, तर म्हणाला, "मग एरवी घालतं कोण?"

मला कळलं होतं, आधीच कळलं होतं. पण दोष घड्याळातच निघावा असं वाटत होतं.

ते घेतलंस तेव्हा फोनवर किती खूश होतास! "बाबांसाठीच बनलंय गं! रंगाऱ्याचा हात कधी थांबतो का?" बाबा डावरे, आणि आधीचं घड्याळही डाव्याच हातात. काचेवर कायम रंगाचे शिंतोडे. कोणी हसलं की म्हणायचे, "जो हात राबतो, त्यालाच वेळ कळायला हवी."

ठोंब्या, बाबांचा डावा हात गेलाय. तुझं पार्सल यायच्या थोडं आधीच. सकाळी ब्रश धुता धुता हातातला डबा पडला आणि ते तिथेच खाली बसले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, पाय सावरला, हात नाही. बोलणंही जड झालंय, म्हणून तुझ्याशी फोनवर नुसतं "बरं, बरं" करतात. तुला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. "पोरगा नोकरी सोडून धावत येईल."

त्यांना भीती, तू येशील याची. मला दुसरीच. कळूनही तू आला नाहीस तर? म्हणून मीही गप्प बसले.

काल दुपारी लवकर घरी आले. बाबा खिडकीशी बसले होते. उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरून तो हात हलवत होते. वर, खाली, वर, खाली, भिंतीला रंग देतात तसा. कपाळ घामाने थबथबलेलं. मला पाहून थांबले, मनगट उचलून कानाशी नेलं आणि हसले. हल्ली अर्ध्याच ओठांनी हसतात.

"त्याला कळव," म्हणाले. "घड्याळ चालतंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तर बाबांचा निरोप कळवला. शपथ मोडली म्हणून ते माझ्यावर रागावतील, रागावू देत. तू विचारशील, आता येऊन मी काय करणार? काही करू नकोस रे. त्यांच्या शेजारी बस. तो हात थोडा वेळ तू हलव.

त्यांचा उजवा हात आता दुखायला लागलाय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आम्ही दोघं,
ताई