उशाकडचे पाय

पुणे, ११ जून २००७

दादा,
जयभीम.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं, तर तुम्हाला ते तुमच्याजवळ राहणारा धम्मपालच वाचून दाखवणार, आणि आईची बाज फोडून चुलीत घालायला मीच त्याला सांगितलं होतं. "आता ती कॉम्प्युटरवर उतरवलीय, जुनी कशाला ठेवतोस?" असं मीच म्हणाले होते.

आमची संस्था गावाकडचं जुनं लाकडी सामान असंच उतरवून ठेवते. बोरीला, आपल्या घरी, मी मोजायचा टेप लावला तो बाजेच्या पायथ्याकडच्या एकाच पायाला. बाकीचे तीन कॉम्प्युटरने तसेच काढले. बाज कलती दिसत होती, पण मी दोष दिला सारवलेल्या जमिनीला. सुतारकाम करणाऱ्याची लेक असून!

परवा इथे आलात, तेव्हा स्क्रीनवर बघून तुम्ही विचारलंत, "पोरी, ही कुणाची बाज?" मग म्हणालात, "तुझ्या आईला लई दमा व्हता. तिला निजवून उशाकडच्या पायांखाली पाचरी सारत गेलो. छाती वाजायची थांबली, तेवढे पाय उंच केले."

"किती उंच, दादा?"

"मोजलं कुणी?"

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची. तिची छाती वाजताना ऐकल्याचं मला आठवत नाही. मोजायला बाजही उरली नव्हती, पण कॉम्प्युटरला आकडा लागतो. मी अंदाजाने दोन इंच भरले. आज ते चित्र छापून आलं, पायांशी तो आकडा आणि खाली तुमचं नाव घालून.

तुम्ही ते चित्र मागितलंय, बाजेच्या जागी भिंतीला लावायला. उद्या एसटीने पाठवते. तुम्हाला वाचता येत नाही, याचा आज पहिल्यांदा मला आधार वाटतोय.

तुमची,
अमृता