दालन क्रमांक तीनच्या दाराशी असलेल्या दगडाबाबत

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
सार्वजनिक ग्रंथालय, दालन क्रमांक ३.

विषय : आपले दार अडवण्यासाठी वापरात असलेला दगड येत्या शनिवारी दोन तासांसाठी मिळण्याबाबत.
संदर्भ : दिनांक ४ रोजी आपल्या दारापर्यंत येऊन मी न केलेली विनंती.

महोदय,

१. आपल्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा भरणाऱ्या भूशास्त्र मंडळाचा मी एकोणीस वर्षे सभासद आहे. ज्या दगडावर पुढचे व्याख्यान व्हायचे, तो महिनाभर आधी टेबलावर ठेवायचा, म्हणजे सभासदांना प्रश्न तयार करता येतात, अशी आमची पद्धत आहे. त्याप्रमाणे मी माझा दगड ठेवला. सोबत 'कृपया हाताळून पाहावा' अशी चिठ्ठीही ठेवली. आपल्या शिपायांनी त्या चिठ्ठीचा मान राखला, याबद्दल माझी तक्रार नाही.

२. तेव्हापासून तो दगड आपले दार वाऱ्याने आपटू नये या कामी लागला आहे. मी भांडारपालांना भेटलो. दगडाची जडवस्तू नोंदवहीत 'दार-अडणी, दगडी, नग एक' अशी नोंद झाली असून त्यावर पांढऱ्या रंगाने २१७ हा क्रमांक घातला आहे, असे त्यांनी सौजन्याने सांगितले. वस्तू मोडकी किंवा निरुपयोगी ठरल्याशिवाय ती नोंदवहीतून काढता येत नाही. फार जुनी म्हणून चालेल का, असे मी विचारले. किती जुनी, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्या रकान्यात एवढी शून्ये मावत नाहीत, असे ते म्हणाले.

३. हा वाळूचा दगड आहे. उथळ पाणी येऊन गेले, त्याने वाळूवर उठवलेल्या बारीक लाटा त्यावर तशाच राहिल्या आहेत. निदान मला तसे वाटते. निवृत्त खाण अभियंता असलेल्या आमच्या अध्यक्षांच्या मते त्या फरशी घासायच्या यंत्राच्या खुणा आहेत. त्यांचे बरोबर असू शकेल. आपला क्रमांक नेमका तिसऱ्या लाटेवर आला आहे.

४. खरे सांगायचे तर दगड गेल्याचे कळल्यावर मला हायसे वाटले. एकोणीस वर्षांतले हे माझे पहिलेच व्याख्यान. आता ते होणे नाही, असे मी घरी जाहीर केले. पत्नी म्हणाली, "दगडावर कशाला ढकलता? चारचौघांत तुमची बोबडी वळते, तेवढं म्हणा की." तिने माझ्या दोन्ही मेहुण्यांना बोलावून ठेवले आहे.

५. दगड देणे नियमात बसत नसल्यास व्याख्यान आपल्या दाराशीच घेऊ द्यावे. एकूण चौदा माणसे येतील. पैकी दोघांना खुर्ची लागेल. दगड जागचा हलणार नाही, सभासद वाकून पाहतील. आपण आत काम चालू ठेवावे. माझा आवाज आपल्या टेबलापर्यंत पोचेल अशी भीती नाही.

६. मंजुरी असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. नामंजुरी असल्यास मात्र कृपा करून लेखी कळवू नये. तसा कागद हाती पडला, की मी तो घरी दाखवीन आणि व्याख्यान रद्द करीन. मला ते द्यायचे आहे.

आपला नम्र आणि या वेळी जरा उतावीळ,
(सही)
सभासद क्रमांक १४, भूशास्त्र मंडळ

सोबत : वीट, नग एक.