मामीच्या अंगणात अडकलेली तुकडी

तीर्थस्वरूप सर्जेरावमामांस,

सोनूचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि मामीचा रक्तदाब दोन्ही ताळ्यावर असतील, अशी आशा आहे. (फोनच करणार होतो, पण फोनवर मला आपली भीती वाटते. पत्रात खाडाखोड करता येते.)

"गेम खेळून कुणाचं भलं झालंय?" असे आपण विचारले होते. उत्तर द्यायला दोन वर्षे लागली. खराडीच्या आमच्या कंपनीत दुकानात मिळणारा लढाईचा गेम जवानांच्या सरावासाठी बदलून देतात. त्यातले गाव भरायचे काम माझ्याकडे आहे: घरे, कुत्री, माणसे. (बारावीला गणितात दोनदा राहिलो, पण गाव मला येते.) नोकरी मात्र कच्ची. सोमवारी निवृत्त कर्नलसाहेब पाहायला येणार होते. त्यांना पटले तर कायम, नाहीतर आपले फरशीचे दुकान.

गाव खरे वाटावे म्हणून एका अंगणात मी मामीला बसवले. चेहरा बदलला, आवाज मात्र मागे आपल्याकडून निघताना मी फोनवर टिपलेला तिचाच घातला: "असं कसं जाता? बसा की, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाय!" आणि नियम लावला, की हे ऐकल्यावर चहा संपवल्याशिवाय कुणी उठायचे नाही. (आपल्याकडे कोण उठते?)

सोमवारी पडद्यावर सहा जवान गावात शिरले. दहा मिनिटांत लपलेला माणूस पकडायचा होता. पहिला जवान अंगणातून जाताना बसला. दुसरा त्याला बोलवायला गेला, तोही बसला. पाचव्या मिनिटाला सहाही जण ओळीने ओट्यावर, आणि लपलेला माणूस आरामात वेशीबाहेर! आमचे आमोद सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान. युद्ध संपलं, बिस्किटं मागवा." मी मनातल्या मनात आपल्या दुकानातला झाडू हातात घेतला.

कर्नलसाहेब मात्र डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, "अहो, नोकरीत मी अशाच एका अंगणात अर्धा तास घालवलाय! हे काढू नका. म्हातारीचं मन न मोडता निघायचं कसं, हे पोरांना शिकवायलाच हवं." (म्हातारी हा शब्द त्यांचा.) शुक्रवारी ते पुन्हा येणार आहेत.

आपला,
सोनू

ता. क. : आवाज वापरायला मामीची सही लागेल. तिला अजून काहीच सांगितलेले नाही. आपण सांगावे.

दुसरा ता. क. : शुक्रवारच्या आत तिच्या आवाजात आणखी एक वाक्य हवे: "बरं, निघा आता." आता नियम असा, की जवानाने नीट निरोप घेतला की तिने हे म्हणायचे; त्याशिवाय जवान उठणार नाहीत आणि मी कायम होणार नाही. पण पाहुण्याला मामीने असे जन्मात म्हटलेले नाही.

तिसरा ता. क. : आपल्या लेकीकडून, चैतालीकडून कळले, की आपल्याला मामी हे रोज म्हणते. तेव्हा कृपा करून खिशातला फोन रेकॉर्डिंगवर ठेवून गॅसपाशी उभे राहावे आणि चहा कसा करायचा ते तिला सांगावे.